ड्रॉवरमधली चिठ्ठी

"ताई, आमच्या लग्नाला 11 वर्षं झाली. गेले चार महिने बायको पार बदलली आहे. सकाळी तिला उठवत नाही, अंघोळसुद्धा टाळते. शिवणाचं एवढं वेड, पण मशीनवरचं कापडही काढलेलं नाही. सारखी म्हणते, 'मी आळशी झालेय, तुम्हाला ओझं झालेय.' रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आल्या. आमच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायची चिठ्ठी दिली, ती दीड महिन्यापासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तिला उगाच वाईट वाटायला नको. मी तिला फिरायला नेतो, घरचं सगळं बघतो, एकदाही आवाज चढवलेला नाही. ती आनंदी राहावी म्हणून आणखी काय करू?"

तुम्ही काय काय करता ते वाचलं. त्यावर मी काही बोलणार नाही. मला त्या ड्रॉवरविषयी बोलायचंय.

चिठ्ठी कोणासाठी होती? तिच्यासाठी. ती चार महिने स्वतःला आळशी म्हणवून घेतेय, आणि हा आळस नसून आजार असू शकतो असं सांगणारा कागद त्याच घरात, तुमच्या कुलपात. वाचताना मला राग आला, तो लपवत नाही.

मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, यातलं एक तरी दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, 2 आठवडे टिकलं आणि त्यासोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडत गेली, की डॉक्टरांना नैराश्याची शंका येते. तुम्ही 4 महिने सांगताय. आणि विनाकारण अपराधी वाटणं, स्वतःला कुचकामी समजणं हे याच आजाराचं लक्षण आहे. 'मी ओझं झालेय' हे आजार तिच्या तोंडून बोलतोय. तुम्ही मात्र समजूत घालत बसलात. समजुतीने हे जात नाही हो! फिरायला नेलंत, चांगलं केलंत, पण तेवढ्यावर दीड महिना काढायचा नव्हता. गोळ्या लागल्याच तर त्यांचा गुण दिसायलाच साधारण 2 ते 4 आठवडे जातात, कधी जास्तही. कुणाला नुसत्या समुपदेशनानेही उतार पडतो. तिला काय लागेल ते तज्ज्ञ ठरवतील, पण त्यासाठी ती तिथे पोचली पाहिजे ना?

वाईट वाटेल म्हणता. तिला आत्ता काय वाटतंय, ते तिने सांगितलंय तुम्हाला.

आज रात्री ती चिठ्ठी तिच्या हातात द्या. म्हणा, "ही माझ्याकडे होती, मी लपवली, माझं चुकलं." फोन लावून वेळ घेणं तिला झेपणार नाही, ते तुम्ही करा. आणि तिच्याजवळ बसून सरळ विचारा, "जगू नये असं मनात येतं का? जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बऱ्याचदा कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. ती हो म्हणाली, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच रात्री हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात न्या. नाही म्हणाली, तरी सकाळी दवाखाना उघडल्याबरोबर तिथे पहिला फोन तुमचा जाऊ द्या.