रात्रीच्या भाताला सकाळी चांगली फोडणी दिली, तरी उलट्या का झाल्या? आता काय करू?

फोडणीने भात गरम होतो, विष जात नाही. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं की जिवाणू वाढतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष परतूनही नष्ट होत नाही. भाताला वास येत नव्हता, यावर विसंबू नका हो! पुढच्या वेळी उरलेला भात शिजल्यावर लगेच ताटात पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका.

आता ओआरएस घोटघोट घ्या. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. मनाने अँटिबायोटिक नको. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो; पण लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं किंवा ग्लानी आली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. तान्ह्या बाळासाठी तर वाटच पाहू नका.