पुस्तक मिटल्यावर काय उरतं ते सांग

बेटा,

तुझा रात्री पावणेबाराचा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला, मागे आई 'झोप आता' म्हणून ओरडून राहिली होती तेही ऐकू आलं. प्रिलिमला विज्ञान भाग एकमध्ये ४० पैकी १९, आणि तुझं म्हणणं काय, तर 'काका, धडा चार वेळा वाचला होता, माझी मेमरीच खराब आहे.' मेमरीबिमरी काही खराब नाही तुझी. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोची सगळी स्टेशनं तू मला दिवाळीत एका दमात म्हणून दाखवली होती, विसरली का? ती तू कुठं वाचून पाठ केली नव्हती. क्लासला जाताना अनाउन्समेंट व्हायच्या आधी पुढचं स्टेशन कोणतं ते मनात म्हणायचं, चुकलं की स्वतःवरच हसायचं, हा तुझा टाइमपास होता. अभ्यास म्हणजे तेवढंच असतं गं, फक्त तू तो मेट्रोत करते आणि टेबलावर बसली की नुसतं वाचून राहते.

मी पण तेच केलं होतं म्हणून सांगतो. माझ्या दहावीत पुस्तकं लाल पेनानं इतकी रंगवली होती की न रंगवलेली ओळ शोधावी लागे. पेपर हातात आला, प्रश्न वाचला, आणि डोळ्यासमोर पानच उभं राहिलं, उत्तर उजव्या पानावर वरती, आकृतीच्या खाली, तिथं चहाचा डाग पण होता, सगळं दिसून राहिलं होतं. फक्त त्या ओळीत लिहिलं काय होतं ते नाही. चहाच्या डागाला कोणी मार्क देत नाही.

वाचलेलं परत वाचलं की ते ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं आलं. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या पोरांवर हे करून बघितलं होतं. काहींना उतारा वाचून परत वाचायला दिला, काहींना वाचून झाल्यावर न बघता आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के, लिहिणारे ७५. पण आठवड्यानंतर विचारलं तर वाचणारे ४२ वर आले आणि लिहिणारे ५६ वर. म्हणजे रात्री वाचून झोपताना जे 'सगळं आलं' वाटतं ना, ते पाच मिनिटवालं आहे. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

तर आता करायचं काय. बाबांच्या ऑफिसचे पाठकोरे कागद घे, नवीन वही नको, नव्या वहीत माणूस अक्षर सुंदर काढत बसतो. भिंगाचा धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिटव, दुसऱ्या खोलीत ठेवून ये म्हटलं तरी चालेल, आणि कागदावर लिही, बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू कुठं ठेवली तर प्रतिमा कुठं आणि कशी. सहा जागा आहेत. तुला अनंत अंतरावरची आठवेल, दुप्पट नाभीय अंतरावरची आठवेल, मग अडकशील. अडकली की लगेच पुस्तकाकडे पळू नको, दोन मिनिटं तशीच बस, डोकं खाजव, आपण भिंगातून मुंगी बघतो तेव्हा काय दिसतं ते आठव, सुलट दिसते, मोठी दिसते, म्हणजे वस्तू नाभीच्या आत आहे आणि प्रतिमा आभासी. हे जे ओढून काढलं ना ते राहतं. मग पुस्तक उघड आणि जे सुटलं तेवढंच वेगळ्या रंगानं भर. उद्या सुरुवात त्या रंगापासून.

आणि हो, उद्याच. एबिंगहाउस नावाचा एक जर्मन माणूस होता, त्यानं अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून आपण किती विसरतो ते मोजलं, १८८५ साली छापलं. सुरुवातीला धडाधड विसरतो, मग वेग कमी होत जातो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग चारेक दिवसांनी, मग आठदहा दिवसांनी. धड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलनं तारखा टाकून ठेव, मोठं टाइमटेबल बनवू नको, तुझं मागचं टाइमटेबल मी पाहिलं आहे, स्केचपेनचे चार रंग आणि तिसऱ्या दिवशी बंद.

गणिताचं जरा वेगळं. तुझा पेपर आईनं पाठवला, बघितला. पहिल्या महिन्यात २०० रुपये, पुढं दर महिन्याला ५० नं वाढवत गेलो तर १२ महिन्यांत एकूण बचत किती, तू लिहिलं ७५०. हिशोब बरोबर आहे, पण ते बाराव्या महिन्याचे पैसे झाले गं, एकूण ५७०० येतात. सूत्र तुला दोन्ही येतात, कोणतं कधी लावायचं तिथं घसरली, आणि याचं कारण तू एका सरावसंचाची सगळी गणितं सलग सोडवते, तिथं वरच लिहिलेलं असतं की हे बेरजेचं आहे. आता रोज दहा गणितं वेगवेगळ्या धड्यांतून उचल, श्रेढीचं एक, वर्गसमीकरणाचं एक, संभाव्यतेचं एक, मध्येच भूमितीचं. त्रास होईल, चुका जास्त होतील, होऊ दे. चुकलेलं गणित एका वहीत उतरव आणि खाली एक ओळ, काहून चुकलं. 'घाई झाली' असं लिहायचं नाही, ते सगळेच लिहितात. 'एकूण हा शब्द वाचला नाही' असं लिही.

भूगोलाला एकच, भारत आणि ब्राझील कागदाच्या दोन बाजूंना घेऊन न बघता तुलना लिही, तोच तर अख्खा विषय आहे.

जुने पेपर घड्याळ लावून सोडव. ४० मार्कांच्या पेपरला दोन तास म्हणजे मार्काला तीन मिनिटं, पण मराठीला ८० ला तीन तास, तिथं सव्वादोनच मिनिटं पडतात, म्हणून तुझा निबंध दर वेळी अर्धा राहतो.

मोबाइलवर लेक्चर देणार नाही, आई देऊनच राहिली आहे. फक्त पावणेबाराला मेसेज बंद. झोपेत डोकं दिवसभराचं पक्कं करत असतं, ते काम अर्धवट सोडून तू पाचवा राउंड वाचून राहिली होती.

रविवारी सकाळी ये, पुस्तक आणू नको, पेन आण. भिंगाचा धडा मला विद्यार्थी समजून शिकवायचा, मी मुद्दाम मूर्खासारखे प्रश्न विचारीन. पोहे सांगून ठेवतो, तर्री वेगळी घेऊ, तुला झेपत नाही ती.

काका