वाचक विचारतात : हे प्लस नेमकं कशात मिळवायचं?

प्रश्न : माझा लांबचा नंबर -१.५० आहे. चष्म्याच्या कागदावर खाली ‘ॲड +२.००’ असं लिहिलंय. म्हणून +२.०० चा तयार चष्मा आणला, तर पुस्तक पार नाकाशी आणावं लागतं. तपासणीत चूक झाली का? (सातारा)

उत्तर : कागद बरोबर आहे. ‘ॲड’ हा वेगळा नंबर नसतो, तो लांबच्या नंबरात मिळवायचा असतो. -१.५० मध्ये +२.०० मिळवले की +०.५० येतात, आणि वाचायचा चष्मा तेवढाच हवा. तुमच्या चष्म्यात दीड नंबर जादा आहे. त्यामुळे पुस्तक साधारण २८ सेंटिमीटरच्या आत आणल्याशिवाय अक्षर स्पष्ट होत नाही. एरवी आपण ते ४० च्या आसपास धरतो.

बेरीज प्रत्येक डोळ्याची वेगळी करा. सिलिंडर (तिरकस नंबर) आणि ॲक्सिस (त्याचा कोन) यांना मात्र हात लावू नका, ते आहेत तसेच राहतात. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील किंवा सिलिंडर असेल, तर तयार चष्म्याचा नाद सोडलेला बरा. त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि सिलिंडर त्यात नसतोच. ज्यांचा लांबचा नंबर -२.०० आणि ॲड +२.०० आहे, त्यांनी तर चष्मा काढून खुशाल वाचावं.

संगणकाचा पडदा ६० ते ७० सेंटिमीटरवर असतो. त्याला साधारण निम्मा ॲड पुरतो, म्हणजे तुमच्या बाबतीत -०.५०. पण हा नंबर घरी ठरवू नका. खुर्चीपासून पडद्याचं अंतर टेपनं मोजून तपासणीच्या वेळी सांगा.

प्रश्न : सोसायटीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवतो. ‘सम’ लावलं की बेरीज कमी येते, तेच सेल प्लसनं जोडले की बरोबर. (डोंबिवली)

उत्तर : काही आकडे मजकूर म्हणून शिरलेत. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेल्या रकमांचं हे नेहमीचं दुखणं. ‘सम’ रांगेतला मजकूर मुकाट्यानं गाळतं. प्लस आधी त्याचा आकडा करून पाहतं. म्हणून सगळीकडे प्लस वापरावं म्हणाल, तर एखाद्या सेलमध्ये ‘बाकी’ असा शब्द असला की अख्ख्या बेरजेच्या जागी एरर येते. आपल्या सवयीचं ‘१२००/-’ सुद्धा त्याला चालत नाही.

मजकूर झालेला आकडा बहुधा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असतो. आधी ‘फाइंड अँड रिप्लेस’नं ‘/-’ काढून टाका. मग तो कॉलम निवडून ‘डेटा’मध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ घ्या आणि थेट ‘फिनिश’ दाबा. आकडे उजवीकडे सरकले की काम झालं.

प्रश्न : मुलगी अमेरिकेतून +९१ ०२० लावून घरचा लँडलाइन फिरवते, पण फोन लागत नाही. (पुणे)

उत्तर : मधलं शून्य काढायला सांगा. ०२० मधलं पहिलं शून्य देशातल्या देशात फिरवायचं असतं. परदेशातून +९१, मग २०, मग तुमचा आठ आकडी नंबर. इथल्या प्लसचा बेरजेशी संबंध नाही. परदेशी फोन लावण्याचा त्या-त्या देशातला जो आकडा असेल, त्याची ही जागा. भारतातून तो ००, अमेरिकेतून ०११, जपानमधून ०१०. मोबाइलवर शून्य दाबून धरलं की प्लस उमटतो आणि पुढचं नेटवर्क पाहून घेतं. तिथल्या साध्या लँडलाइनवर मात्र ०११ च दाबावं लागेल.

प्रश्न : ‘जी+३’ म्हणजे तीन मजले की चार? (नाशिक)

उत्तर : तळमजला धरून चार. ‘पी+७’ असेल तर खाली बहुधा पार्किंग आणि वर सात मजले. पण ‘पी’चा अर्थ काही जण पोडियम (इमारतीच्या तळाचा रुंद, चौथऱ्यासारखा भाग) असाही घेतात, तेव्हा बुकिंगआधी मंजूर नकाशात पाहून घ्या.