कॉन्टॅक्ट लेन्स घालून आंघोळ केल्याने डोळा जाऊ शकतो का?

हो, जाऊ शकतो. क्वचितच घडतं, पण घडलं की फार छळतं. नळाच्या, तलावाच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव असतो. तो लेन्सला चिकटून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात शिरतो.

पहिली खूण म्हणजे वेदना. डोळा थोडासाच लाल दिसतो, पण ठणका असा की झोप लागत नाही, उजेड सहन होत नाही. सुरुवातीला हे हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूच्या संसर्गासारखं दिसतं, म्हणून निदान बऱ्याचदा चुकतं. त्यात स्टेरॉइडचे थेंब पडले तर आजार आणखी बळावतो. कॉर्नियावर पांढरट कडं उमटेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

औषध लागू पडायला वेळ लागतो, कारण हा जीव स्वतःभोवती टणक कवच करून बसतो. पॉलिहेक्झानाइड किंवा क्लोरहेक्सिडिनचे थेंब पहिले काही दिवस तासातासाला, रात्रीसुद्धा, आणि पुढे कित्येक महिने. 0.08 टक्के पॉलिहेक्झानाइडला युरोपात 2024 मध्ये मान्यता मिळाली.

दुखतंय? लेन्स आजच काढा, पण फेकू नका, तपासणीला उपयोगी पडते. आणि डॉक्टरांना लेन्सबद्दल आपणहून सांगा, कृपा करून.