झाडाखालचं ऊन सरकत राहतं, मग चित्र पुरं कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या बागेत जलरंग घेऊन बसता, झाडाखालचे कवडसे रंगवायला घेता आणि अर्धं चित्र होईतो ऊन भलतीकडेच गेलेलं असतं. मग घरी फोटोवरून करावं का? आणि मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचा भाग रंगापासून झाकून ठेवणारा आणि नंतर सोलून काढायचा द्रव, घ्यावं का?

मी शिकवणारा नव्हे. नोकरी सांभाळून बरीच वर्षं रविवारी सकाळी बोर्ड काखोटीला मारून बाहेर पडतो, अधिकार तेवढाच.

आधी ऊन किती पळतं ते बघा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. पानांमधली फट जमिनीपासून दहा मीटर वर असेल, तर तिचा कवडसा मिनिटाला चार-पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन-अडीच बोटं चालतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याहून जास्त. वीस मिनिटांत तो मीटरभर लांब गेला. त्याच्यामागं ब्रश घेऊन धावलात की एकाच चित्रात आठही वाजतात आणि दहाही: बुंध्याची सावली एकीकडे, बाकाची दुसरीकडेच.

म्हणून पहिल्या दहा मिनिटांत सावल्या पक्क्या करायच्या. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोनच टोन, ऊन आणि सावली. कोपऱ्यात वेळ लिहायची, ऊन येतंय त्या बाजूनं एक बाण मारायचा. मग मोठ्या कागदावर पेन्सिलीनं फक्त सावल्यांच्या कडा. त्यानंतर ऊन कुठंही जाऊ दे, स्केच खरं. पुढचा तासभर झाडाकडं बघायचं ते रंगासाठी, जागेसाठी नाही. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात समोर एक झकास नवीन कवडसा येऊन पडतो आणि हात शिवशिवतो. तेवढं आवरा.

आता खुद्द कवडसा. सुरुवातीला मी तो पानासारखा टोकदार काढायचो. खाली वाकून बघा, वरची फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसा गोलसरच पडतो. बारीक फट म्हणजे पिनहोल कॅमेऱ्याचं (भिंगाऐवजी नुसतं बारीक छिद्र असलेल्या कॅमेऱ्याचं) भोक आणि जमिनीवर पडते ती सूर्याची प्रतिमा. खंडग्रास ग्रहणात झाडाखाली शेकडो चंद्रकोरी दिसतात त्या यामुळंच. दहा मीटरवरच्या फटीचा कवडसा साधारण नऊ सेंटीमीटरचा, आमटीच्या वाटीएवढा. उंच शेंड्यातून आलेले मोठे आणि पुसट, खालच्या फांदीतून आलेले लहान आणि ठसठशीत. आणि तुम्ही बसलेले असल्यामुळं ते तुम्हाला गोल नाही, आडवे लंबगोल दिसतात. लांबचे तर नुसत्या रेघा. हे चपटेपण जमलं की चित्रातली जमीन आपोआप आडवी होते. माझ्या जुन्या चित्रांत ती भिंतीसारखी उभी राहिलेली आहे, बिचारी.

रंगाचं म्हणाल तर डबीतला सॅप ग्रीन हा तयार हिरवा तसाच फासू नका. ऊन पानातून आरपार येतं तेव्हा पान पोपटी-पिवळं दिसतं. तेच ऊन पानाच्या पाठीवर वरून पडलं की पान आकाशाची चमक घेऊन राखाडी-निळसर होतं. एकाच फांदीवर दोन्ही असतात. सावलीसाठी मी अल्ट्रामरीन या निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळतो, काळा कधीच नाही. पन्हाळ्याच्या तांबड्या मातीवर सावली जांभळट दिसते, तिथं सिएना कमी करतो.

तुमच्या कागदावर कुठलं ऊन पडतंय तेही बघत जा. एकदा पंचगंगेच्या घाटावर चहाच्या गाड्याच्या निळ्या ताडपत्रीखाली बसून दोन तास चित्र केलं. तिथं अगदी बेतशीर वाटत होतं. घरी येऊन बघतो तर नदीसकट सगळं नारिंगी! ताडपत्रीचा निळा प्रकाश मारायला हात नकळत तांबडा-पिवळा ओतत राहिला होता. चित्र बघून घरचे म्हणाले, आग लागलीय का तिथं? कागद थेट उन्हात धरला तरी घोळ आहेच, डोळे दिपतात आणि चित्र गरजेपेक्षा गडद होतं. बोर्ड मोकळ्या सावलीत हवा.

कोल्हापुरात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली झाडाच्या पायाशी गोळा होते. त्या दिवसांत साडेनऊनंतर बोर्ड उघडण्यात अर्थ नाही. डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांवरच असतो, त्यामुळं दिवसभर लांब सावल्या मिळतात. तेव्हा मी दोन कागद ठेवतो, एक सकाळचा, एक संध्याकाळचा, आणि पुढच्या रविवारी त्याच वेळेला तिथंच. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली ती अशीच, ऊन बदललं की कॅनव्हास बदलून. लांब कशाला, आपले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून त्याच परिसराची चित्रं करत राहिले. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. लोक त्यांना सिनेनट म्हणून ओळखतात, पण जाऊन निसर्गचित्रं बघा, आणि त्यांनी सावलीत किती कमी तपशील दिलाय ते खास बघा.

फोटो काढा, पण कवडशांची जागा आठवायला. रंगासाठी नको, फोनमध्ये सावली काळी होते नाहीतर ऊन पांढरंफट्ट जळतं.

मास्किंग फ्लुइड मात्र घेऊ नका. ते सोलून काढल्यावर कडा सुरीनं कापल्यासारखी निघते आणि कवडशाची कड मऊ असते. सगळ्या जमिनीवर आधी यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणीदार हात, द्या, वाळू द्या, मग कवडसे सोडून सावली भरा आणि एखाददुसरी कड ओल्या ब्रशनं हलकी पुसा. बाटलीचे पैसे वाचतील त्यात चांगल्या जाड कागदाचे ताव आणा, दोन-तीन तरी या नादात फुकट जाणारच आहेत.