बसलं की चुकल्यासारखं वाटतं

"थकते खूप, पण जरा टेकलं की चुकल्यासारखं वाटतं. दोन मिनिटांत उठतेच." समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी आयांच्या तोंडी हे वाक्य असतं. इथे ज्यांच्याबद्दल लिहितो आहोत त्या ३६ वर्षांच्या, नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सचं काम. नवरा सातपूरला शिफ्टमध्ये. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा, सासूबाईंना मधुमेह. आल्या त्या मात्र थकव्यासाठी नाही. "मुलांवर हात उचलला जातो, मग बाथरूममध्ये जाऊन रडते. राग आवरायला शिकवा," एवढंच त्यांचं मागणं होतं.

रागाला हात घालण्याआधी शरीर तपासून घ्यावं लागतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ या चार तपासण्या फॅमिली डॉक्टरांकडून करून घ्यायला सांगितल्या. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, म्हणजे यांचं काही जगावेगळं नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या अनेकींना लागू पडत नाहीत, कारण त्या चहाबरोबर घेतल्या जातात. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि आधी-नंतर निदान एक तास चहा नाही, हे नवऱ्यालाही सांगून ठेवलं, कारण सकाळचा चहा तोच ठेवतो.

मग गेल्या दोन आठवड्यांतल्या मनःस्थितीबद्दलची नऊ प्रश्नांची नेहमीची प्रश्नावली. "जगू नये असं वाटतं का?" हा त्यातला प्रश्न आडवळणाने विचारून चालत नाही, सरळच विचारावा लागतो. यांचं उत्तर 'नाही' होतं. ते 'हो' असतं, तर पुढचं वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागलं असतं. असा विचार मनात येत असेल, तर भेटीची वाट न पाहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

'स्वतःसाठी वेळ काढ' हा सल्ला त्यांनी आधीच पाळून पाहिला होता. मैत्रिणीचं ऐकून पहाटे साडेचारला उठून योगा सुरू केला. झोपायला साडेबारा वाजायचेच, म्हणजे झोप उरली चार तासांची. तिसऱ्या आठवड्यात योगा सुटला आणि "मला एवढंही जमत नाही" हा नवा ठपका स्वतःवर बसला. प्रौढ माणसाला निदान सात तास झोप लागते. ती कापून केलेला व्यायाम, ध्यान किंवा छंद म्हणजे आणखी एक ड्यूटीच.

रात्री अकरा ते साडेबारा त्या मोबाइलवर रील्स बघत. घरचे त्यावरून बोलत आणि त्यांनाही लाज वाटे. पण दिवसभरात कुणी हाक न मारणारा तेवढाच दीड तास होता. मोबाइल हिसकावून घेतला असता तर तोही गेला असता. तो निवांतपणा संध्याकाळी लवकर मिळाला, तरच रात्रीचं जागरण सुटणार होतं.

म्हणून सात दिवसांची नोंद करायला सांगितली. अर्ध्या तासाची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत दोन रकाने: काम कुणी केलं आणि ते कुणाच्या लक्षात होतं. दुसऱ्या रकान्याने सगळं उघडं केलं. दळण, सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या संपत आल्याचं, व्हॅनचे पैसे, मुलाच्या वहीला कव्हर, सगळं एकाच डोक्यात. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची ९७. लक्षात ठेवण्याचा वेळ त्या मिनिटांत दिसत नाही. याच नोंदीत आणखी एक गोष्ट सापडली: संध्याकाळी त्या पंचवीस मिनिटं 'बसल्या' होत्या, पण सहा तुकड्यांत. तसं बसून विश्रांती मिळत नाही, कारण कान पुढच्या हाकेकडेच लागलेले असतात.

काम सोपवायचं म्हणजे आठवण, करणं आणि निस्तरणं तिन्ही सोपवायचं. 'सांगशील ते करतो' हा करार उपयोगाचा नाही. मुलाचा डबा पूर्णपणे नवऱ्याकडे गेला: रात्री भाजी ठरवणं, सकाळी भरणं, संध्याकाळी डबा घासणं. तिसऱ्याच दिवशी चमचा राहिला, डबा भरलेला परत आला आणि चौथ्या दिवशी या पुन्हा ओट्याशी उभ्या. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. दोन गोष्टींनी ती पुढे सरकली. शाळेत वडिलांचा नंबर पहिला नोंदवला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये वडील आले, आई बाहेर पडली. तक्रार थेट त्याच्याकडे जाऊ लागल्यावर चमचा फारसा विसरला नाही. दुसरं, दोन आठवडे डब्याविषयी अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी कबूल केलं. हे त्यांना जास्त जड गेलं.

मुलीकडे काम सरकवण्याचा मोह होतोच, आणि सासूबाईंनी तेच सुचवलं. बारा वर्षांच्या मुलीने आपलं ताट उचलावं, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, पण तेवढंच भावानेही करावं. नाहीतर ओझं एका बाईच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जातं, इतकंच.

सासूबाईंना एकदा बोलावलं. "आम्ही नाही का केलं?" हे त्यांनी म्हटलंच. तेव्हा घरात किती बायका होत्या, एवढंच विचारलं. चार निघाल्या: दोन जावा, एक नणंद आणि त्या स्वतः. पुढे वाद घालावा लागला नाही.

राहिलं ते चुकल्यासारखं वाटणं. 'तुमचाही हक्क आहे' हे पटवून ते जात नाही, पटलेलंच असतं. अस्वस्थ वाटलं की उठायचं, उठलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी अस्वस्थपणा लवकर येतो. म्हणून तो असतानाच बसून राहायचं. रात्री साडेआठ ते नऊ, दार लोटून, मोबाइल चालेल. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अस्वस्थपणाला शून्य ते दहा गुण द्यायचे, उठायचं मात्र नाही. पहिल्या दिवशी आठ-आठ-सात. दोन आठवड्यांनी सहा-चार-दोन. या वेळात काही 'चांगलं' करायची सक्ती नाही. पुस्तक, रील्स, छताकडे बघणं, काहीही.

झोपायची वेळ दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणली. एकदम दीड तास अलीकडे आणली तर माणूस अंथरुणात टक्क जागा राहतो. सुमारे महिन्याभरात साडेबाराचे पावणेअकरा झाले. पाणी साडेपाचला येतं, त्याच्या आधी उठायचं नाही. झोप पावणेसात तासांवर आली. दुपारी ऑफिसात जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. त्याहून जास्त झोपलं तर जडपणा येतो. चहा चारनंतर बंद.

महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटी विवरणपत्रं भरायचे दिवस, वेळापत्रकातून आधीच वगळली. त्या दोन संध्याकाळी अर्धा तास मिळणारच नाही, तो शनिवारी एकत्र घ्यायचा. आधी ठरवून ठेवलं नाही, तर मोडलेला एक दिवस अख्खा आठवडा घेऊन जातो.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ वर आलं, गोळ्या अजून चालू आहेत. मुलांवर ओरडणं आहे, हात उचलला जात नाही. सगळ्यात अवघड ठरला तो नवऱ्याचा सेकंड शिफ्टचा आठवडा. तो दुपारी साडेतीन ते रात्री बारा कामावर असतो, संध्याकाळ सांभाळू शकेल असं घरात दुसरं कुणी नाही. त्या आठवड्यासाठी वेगळा कागद केला: डबा त्याच्याकडेच, कारण सकाळी तो घरी असतो, आणि संध्याकाळच्या पोळ्या त्रिमूर्ती चौकाजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून. सासूबाईंच्या मते त्या जाड असतात.