ट्रस्टच्या जमिनीवर कलिंगड लावलं, आता काय?

प्रश्न: मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, सध्या ऑस्ट्रेलियात नॉर्दर्न टेरिटरीतल्या कॅथरिनला राहतो. पुढे रोपर नदीच्या बाजूला ॲबओरिजिनल (म्हणजे इथल्या आदिवासींच्या) लँड ट्रस्टची जमीन आहे. तिथल्या एका वडीलधाऱ्या माणसानं (सगळे त्यांना आदरानं ‘ओल्ड मॅन’ म्हणतात) मला आठ हेक्टर कसायला दिली. लेखी करार नाही, फोनवरचे मेसेज आहेत. १२ हजार डॉलर रोख दिले, पंप आणि ठिबक बसवलं, कलिंगड लावलं. आता त्यांचा भाचा आडवा आलाय आणि काम थांबवा असं लँड कौन्सिलचं पत्रही आलंय. कोर्टात जाऊन करार पाळायला लावता येईल का? मालक तयार असताना ही कौन्सिल मधे कोण?

उत्तर: कोर्टात जाऊ नका. तुमच्याकडे टिकेल असा करारच नाही, आणि तो नसण्यामागे भाच्याचा हट्ट नाही, कायदा आहे.

आपल्याला सातबारा बघायची सवय. नाव कोणाचं, वहिवाट कोणाची, की बोलणी सुरू. नॉर्दर्न टेरिटरीत ती नजर चालत नाही. १९७६च्या ॲबओरिजिनल लँड राइट्स कायद्याखाली मिळालेली जमीन ट्रस्टच्या नावावर असते आणि ती विकता येत नाही. टेरिटरीची जवळपास निम्मी जमीन आज अशी आहे. ती भाड्यानं देता येते, पण कलम १९च्या वाटेनं. लँड कौन्सिल ही या आदिवासी मालकांच्या वतीनं काम पाहणारी कायदेशीर संस्था. ट्रस्टनं तिच्या सांगण्यावरूनच भाडेपट्टा करायचा. कौन्सिलनं आधी खात्री करायची की पारंपरिक मालकांना व्यवहार नीट समजलाय, गट म्हणून त्यांची संमती आहे आणि अटी वाजवी आहेत. ज्यांच्यावर परिणाम होईल अशा आसपासच्या लोकांनाही बोलायची संधी मिळाली पाहिजे. ओल्ड मॅन या गटातले एक आहेत. मोठा मान असलेले, पण एकच.

आणि तो भाचा. तुमच्या पत्रातला सगळा राग त्याच्यावर आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. रोपरच्या भागात जमिनीशी नातं बापाकडून येतं तसं आईकडूनही येतं. आईकडून नातं असलेल्यांना ‘जुंगायी’ म्हणतात. जमिनीची राखण करणं, विधी नीट होताहेत ना ते पाहणं, कोणी चुकत असेल तर अडवणं हे त्यांचं काम. ओल्ड मॅनच्या बहिणीचा मुलगा मामाच्या जमिनीचा जुंगायी असणार. तो आगाऊपणा करत नाही, कर्तव्य करतोय. त्याला वगळून झालेला होकार त्यांच्या स्वतःच्या रीतीनंही अपुरा आहे.

अशा एका बैठकीला मी बसलो होतो. झाडाखाली ताडपत्री, वाळूत काडीनं काढलेला नकाशा. एका आजींनी तीनदा विचारलं, पाण्याची टाकी नक्की कुठे येणार? कंत्राटदार वैतागला. आजींच्या घरच्या बायका जिथून कमळाचे कंद काढायला जायच्या, ती वाट टाकीखाली जात होती. टाकी ८० मीटर सरकली आणि सह्या झाल्या.

कौन्सिल मधे कोण, असं तुम्ही विचारता. १९७१ साली गोव्ह द्वीपकल्पातले योल्ङू आदिवासी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध कोर्टात हरले. त्यांची मालकी आमच्या कायद्याला दिसत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. त्याआधी १९६६ साली तुमच्याच कॅथरिनच्या नैर्ऋत्येला वेव्ह हिल इथं गुरिंजी गुराखी व्हिन्सेंट लिंगियारींच्या मागे काम सोडून निघाले, तेव्हा त्यांना स्वतःच्याच भूमीवर धड पगारही नव्हता. १९७५ला पंतप्रधान व्हिटलम यांनी जमीन परत दिल्याची खूण म्हणून लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतली. १९७६चा कायदा त्या लढ्यांतून आला. आता बोलणीच्या टेबलापाशी त्यांची खुर्ची आहे. खाणीला नाही म्हणता येतं. खाण झालीच तर रॉयल्टीइतक्या रकमेचा ३० टक्के वाटा त्या भागातल्या लोकांसाठी येतो. २००८च्या ब्लू मड बे निकालानंतर ट्रस्टच्या किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या पाण्यात मासे धरायलाही त्यांची परवानगी लागते. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६पासून रेंजर कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच थोडं थोडं गवत जाळतात, नंतरचे मोठे वणवे टळतात आणि धुरातून हवेत जायचा वाचलेल्या कार्बनचे पैसे मिळतात. जाळायचं कसं आणि कुठे हे म्हाताऱ्यांना ठाऊक, म्हणून तरुण पोरं पुन्हा त्यांच्यामागे हिंडू लागली. माझ्या मते पैशापेक्षा हा बदल मोठा.

पण पैसा वाटून घेताना घरं फुटतातही. तुमचे १२ हजार एकाच्या हातात गेले, तेही रोख. त्यातून त्या कुटुंबात काय बोललं गेलं असेल, याचा विचार करा. ओल्ड मॅनकडे ते परत मागू नका.

आता करायचं ते. काम आजच थांबवा. मेसेजमध्ये येण्याचं बोलावणं असेल तर घुसखोरीच्या आरोपात त्याचा थोडाफार आधार होईल, पण येण्याची परवानगी वेगळी आणि कसण्याचा हक्क वेगळा. नव्या परमिटशिवाय पंप काढायलाही जाऊ नका, विनापरवानगी प्रवेश हा गुन्हा आहे. पंप नदीवर आहे की बोअरवर, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाण्याचा परवाना लागतो का, हे लगेच तपासा. चर खणला असेल तर पवित्र स्थळांच्या १९८९च्या कायद्याचाही प्रश्न येतो. ही स्थळं जपणाऱ्या ॲबओरिजिनल एरियाज प्रोटेक्शन ऑथॉरिटीचं प्रमाणपत्र न घेता पुढे एक फावडंही मारू नका.

मग कौन्सिलला पत्र लिहा. काहीही लपवू नका, रोख दिलेली रक्कमसुद्धा. दोन गोष्टी मागा: उभं पीक काढण्यापुरतं थोड्या मुदतीचं लायसन्स आणि पुढच्या हंगामासाठी कलम १९खाली रीतसर अर्ज. दिलेली रक्कम भाड्यात धरावी अशी विनंती करा, मान्य होईलच असं नाही. बैठका व्हायला महिने जातात, तेव्हा हे पीक हातचं जाऊ शकतं, अशी मनाची तयारी ठेवा. अर्जात गावातल्या किती जणांना काम देणार आणि काय मजुरी देणार, ते आकड्यांत लिहा.

आणि पत्र टाकण्याआधी त्या भाच्याला फोन करा. तो कॅथरिनला आला की भेटा, आणि पंप, चर, ठिबकच्या ओळी नेमक्या कुठून गेल्यात ते त्याला कागदावर काढून दाखवा.